हातावरचं डाळिंब

भागूबाई फुलंब्रीहून जीपमध्ये बसली तेव्हाच मनाशी बोलली होती, की आज लेकीला घेतल्याशिवाय माघारी यायचं नाही. मनाशी बोलायला काय जातंय. महालक्ष्म्यांना ती असंच बोलून गेली होती, संक्रांतीला गेली होती, आखाजीलाही गेली होती, आणि दर खेपेला शहरात गारखेड्याला लेकीच्या सासरच्या तिसऱ्या मजल्यावरून एकटीच जिना उतरली होती. आता पंचमी तोंडावर आली होती. आळीतल्या बायांनी लिंबाला दोर बांधून झोका केला होता. एकेकीच्या लेकी यायला लागल्या होत्या, आणि भागूबाई दळण घेऊन निघाली की कुणीतरी हमखास विचारायचं, "काय गं भागू, औंदाबी सोनी नाय का?" विचारणारीच्या तोंडावर पीठ फेकावं असं तिला वाटायचं.

सासरी गेलेल्या लेकीला सणासाठी आणायला जो माणूस जातो त्याला मुराळी म्हणतात. भाऊ जातो, भाऊ नसला तर बाप जातो. सोनियाला भाऊ नव्हता. बाप, बन्सी, दोन वर्षांमागं वारला. एक चुलत भाऊ पुण्याला कंपनीत होता, पण त्याला फोन केला की तो म्हणायचा, "काकू, आता मुराळी कशाला पाहिजे? बसमध्ये बसली की आली." त्याला कसं सांगावं, की बसमध्ये बसायच्या आधी घराचा उंबरा ओलांडावा लागतो, आणि घोडं तिथंच अडलंय. तेव्हा भागूबाईच मुराळी झाली. विहीणबाईंना ते पहिल्या दिवसापासून खटकत होतं. "गडीमाणूस कुणी नाय का तुमच्याकडं?" असं त्या दरवेळी विचारायच्या. बन्सी वारला हे जणू त्या दरवेळी विसरायच्या.

हर्सूल टी पॉइंटला उतरून तिनं रिक्षा धरली. पन्नाशी ओलांडल्यावर ती गावच्या शाळेत प्रौढांच्या वर्गाला बसून अक्षरं शिकली होती, आणि तेव्हापासून रस्त्याच्या पाट्या वाचत जायची तिला खोड लागली होती. क्रांती चौकाच्या अलीकडं एका काचेच्या दुकानावर तिनं 'टॅटू' असं वाचलं. अक्षरं लागली, अर्थ लागेना.

"बाबा, टॅटू म्हंजे रे काय?"

"गोदना है, खाला," रिक्षावाला आरशातून बघत म्हणाला. "वहीच जो तुम्हारे हाथ पे है. फक्त एसी में बैठके करते."

भागूबाईनं आपल्या हाताकडं पाहिलं. मनगटावर तुळस, त्याच्या वर विंचू, आणि कोपराच्या आतल्या बाजूला नवऱ्याचं नाव. लग्न झालं त्या वर्षी जत्रेत गोंदून घेतलेलं. बन्सी असं घालायचं होतं, पण गोंदणारीला अर्धा 'न' जमला नसावा. तिनं तो गाळला आणि नुसतं 'बसी' घातलं. ना गोंदणारीला वाचता येत होतं, ना गोंदवून घेणारीला, ना ज्याचं नाव होतं त्याला. अर्धं आयुष्य भागूबाईनं ते नाव म्हणून मिरवलं, आणि वर्गात बसायला लागल्यावर एके दिवशी स्वतःचाच हात वाचला. घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं तर तो हसून हसून खोकला. "बशी तर बशी," म्हणाला, "तू कप हो."

रिक्षातून उतरताना तिला ते आठवलं, आणि तेवढ्यापुरतं बरं वाटलं. मग जिना सुरू झाला.

दार विहीणबाईंनी उघडलं. चतुराबाई अंगानं सडसडीत, बोलण्यानं सावकाश. घाईनं बोलणाऱ्या माणसाला त्या अर्ध्या वाक्यावर थांबवायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून बोलायला लावायच्या. आत जावई, राजकुमार, दिवाणावर मोबाइल घेऊन बसला होता. रविवार होता. भागूबाईला बघून तो उठला, पाया पडला, आणि परत बसताना आईच्या तोंडाकडं बघितलं.

"या, इहीणबाई. पाणी घ्या."

"नको. आत्ताच पिले."

"चहा टाकते."

"नको, नको."

हे ठरलेलं होतं. लेकीच्या मांडीवर मूल खेळत नाही तोवर तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही भागूबाईच्या आईची रीत होती, तीच तिनं धरली होती. सोनियाच्या लग्नाला पाच वर्षं होत आली, पण त्या घरात तिनं घोटभर पाणी घेतलेलं नव्हतं. चतुराबाईंना ते पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच त्यांच्या आग्रहाला असा जोर यायचा.

भागूबाईनं पिशवीतून डाळिंबं काढली. बन्सीनं विहिरीजवळ हातानं लावलेल्या झाडांची ती होती. चार चांगली निवडून तिनं विहिणीपुढं ठेवली. "आपल्या झाडाची हायेत. गोड हायेत लई."

डाळिंबं बघताच चतुराबाईंचं तोंड असं झालं, जणू भागूबाईनं पिशवीतून साप काढून ठेवला. जावयानं मोबाइल उलटा केला.

"तुमाला म्हायती हाय म्हंजे," चतुराबाई म्हणाल्या.

"काय?"

"मुद्दाम आणलीत?"

"अवो, काय मुद्दाम? घरचं फळ हाय, आणलं. दरवेळी आणते की."

"सोनिया!" चतुराबाईंनी आत हाक दिली. "ये बाहेर. तुझ्या मायला हात दाखव."

हात मोडला की भाजला, एवढंच भागूबाईच्या मनात आलं. सोनिया स्वयंपाकघरातून ओले हात पुसत आली. वाळली होती. आईकडं बघून तिनं मान हलवली, म्हणजे काही नाही, घाबरू नको. आणि डाव्या हाताची बाही वर सरकवली.

मनगटाच्या वर डाळिंब होतं. एका बाजूनं उकललेलं, आत लाल दाणे दाटीनं भरलेले, आणि चार दाणे फळातून बाहेर पडून तळहाताच्या दिशेनं ओघळलेले. इतकं हुबेहूब, की बोट लावलं तर रस लागेल.

भागूबाईचा जीव भांड्यात पडला. "डाळिंब हाय की! आपल्याच झाडावरचं दिसतंय. किती दिवसांनी कुण्या पोरीचा गोंदलेला हात बघितला. आन् नाव कुठं हाय? नाव का नाय घातलं? आता मला वाचता आलं असतं."

"बघ," चतुराबाई लेकाला म्हणाल्या. "यांना गोड लागतंय."

आणि मग त्यांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्यांना तसंच सांगता यायचं. सून शाळेत शिकवते. शाळेतल्या मॅडम लोकांना हे नवं खूळ लागलं. महिन्याभरामागं ही हातावर हे घेऊन आली, कुणाला न विचारता. त्या रागावल्या खऱ्या, पण मग त्यांच्या मनात आलं, की डाळिंब म्हणजे दाणे, दाणे म्हणजे लेकरं. पोरीनं मूल व्हावं म्हणून घातलं असेल. त्यांचं मन भरून आलं. त्यांनी कॉलनीतल्या बायांना घरी बोलावून सुनेचा हात दाखवला, तिची ओटी भरली, हळदीकुंकू त्या डाळिंबालासुद्धा लावलं.

"आन् बायांसमोर ही काय म्हणती? 'मम्मी, तसं नाही ते. ती ग्रीक लोकांची गोष्ट आहे.' बरं, आसंल गोष्ट. मी राजूला म्हणलं, बघ बाबा तुझ्या मोबाइलमधी. त्यानं बघितलं. सांग राजू."

राजकुमार खाकरला. "मी काय म्हणतो, मामी, मला वैयक्तिक काही नाही. पण त्या गोष्टीत ते डाळिंब जो देतो ना, तो पाताळाचा राजा आहे. मेलेल्यांचा. तो त्या पोरीला पळवून नेतो. म्हणजे बघा, ती पोरगी जर सोनिया धरली, तर मी कोण झालो?"

"यम," चतुराबाई म्हणाल्या. "माझा लेक यम, आमचं घर पाताळ. आन् मी कोण? रेडा?"

भागूबाईला हसू आलं आणि तिनं ते पदरात धरलं, पण चतुराबाईंनी पाहायचं ते पाहिलं.

"मी असं कधीच म्हटलं नाही," सोनिया म्हणाली. तिचा आवाज असा होता, की हे वाक्य ती महिनाभर रोज म्हणत आली असावी. "माझ्या हातावर पाताळ काढलंय का? यम काढलाय का? फळ काढलंय."

"यम फळातच आसतो."

"मम्मी, तनुजा मॅडमनं त्याच लोकांच्या विद्येच्या देवीचं घुबड काढलं. त्यांची सासू म्हणते, घरावर घुबड बसवलं. काय काय समजावायचं माणसानं?"

"आसल्या बायांच्या नादी लागल्यावर आनखी काय व्हायचं!"

"जरा थांबा," भागूबाई म्हणाली. पंचमीला लेक न्यायला आलेली बाई, आणि इथं यम, रेडा, घुबड चाललेलं. "मला गोष्ट तरी सांगा. भांडण समद्यांला ठावं हाय, गोष्ट मलाच ठावं नाय."

सोनिया आईसमोर खाली बसली. अरफा नावाची तिची मैत्रीण शाळेत इतिहास शिकवायची; तिनं मधल्या सुट्टीत ही गोष्ट सांगितली होती. एक धान्याची देवी होती, सोनिया म्हणाली. डिमीटर तिचं नाव. तिला एकुलती एक लेक, पर्सेफनी.

"परसूबाई," भागूबाई म्हणाली.

"बरं, परसूबाई. तिला पाताळाच्या राजानं नेलं. आईला न विचारता."

"सोयरिक नाय, मागणी नाय?"

"काहीच नाही. आई रानोमाळ शोधत फिरली. मग तिनं काय केलं, शेतं पिकू देणं बंद केलं. म्हणाली, लेक मिळत नाही तोवर एक दाणा उगवणार नाही."

"बरं केलं," भागूबाई म्हणाली.

"ऐका," चतुराबाई लेकाला म्हणाल्या. "ऐक, काय म्हणतात."

"मग देवांनी लेकीला आणायला एक देव पाठवला. पायाला पंख असलेला."

"म्हंजे मुराळी," भागूबाई म्हणाली.

सोनिया थांबली. तिनं आईकडं पाहिलं. "व्हय, माय. मुराळीच. माझ्या हे ध्यानातच आलं नव्हतं."

"मुराळीच की. लेकीला आणायला गेला म्हंजे दुसरा कोण? मग आणलं का त्यानं?"

"आणलं, पण अर्धं. निघायच्या आधी नवऱ्यानं तिला डाळिंबाचे दाणे खायला दिले होते. ज्यानं त्या घरचं खाल्लं त्याला त्या घरी राहावंच लागतं, असा तिथला नियम. मग ठरलं, की तिनं जेवढे दाणे खाल्ले तेवढे महिने सासरी राहायचं, आणि बाकीचे महिने आईकडं."

भागूबाईनं तोंडातल्या तोंडात हिशेब केला. "म्हंजे चार महिने सासर, आठ महिने माहेर?"

"माझ्या हातावर चार आहेत. कुणी सहा म्हणतात."

"सहा नको. चार बरे हायेत."

"हे बघा!" चतुराबाई उठून उभ्या राहिल्या. "आठ महिने माहेर! आता कळलं का, हातावर काय लिवून ठिवलंय ते? हा बोर्ड लावलाय बोर्ड, की मला आठ महिने इथं राहायाचं नाय. काय कमी हाय तुला या घरात? जेवायला नाय? अंगावर नाय? नोकरी करू देत नाय? बोल, तुझी माय बसलीय समोर."

सोनिया हातातल्या फडक्याची घडी घालायला लागली. घालून झाली, परत मोडली.

"बोल की."

"संक्रांतीला माय आली होती," सोनिया म्हणाली.

संक्रांतीच्या आधल्या आठवड्यात सोनियाच्या पोटातलं गेलं होतं. तिसरा महिना सरत आला होता. भागूबाईला दवाखान्यातून फोन आला, तेव्हा ती डिंकाचे लाडू करून लगेच निघून आली होती. दारात चतुराबाई म्हणाल्या होत्या, आत्ताच झोपलीय, उठवू नका. डॉक्टरांनी प्रवासाचं नाव काढायचं नाही म्हणून सांगितलंय. भागूबाई बराच वेळ दिवाणाच्या कडेला बसून राहिली. मग शेवटची जीप चुकेल म्हणून डबा ठेवून निघाली.

"मी झोपले नव्हते," सोनिया म्हणाली. "तुझा आवाज येत होता मला. उठता येत नव्हतं. हाक मारली, पण आवाज निघाला नाही. तू जिन्याजवळ चपला घालत होतीस ना, त्या चपलांचासुद्धा आवाज येत होता. नंतर अरफानं ही गोष्ट सांगितली. तिचं माहेर देवगाव रंगारीला. तीही ईदशिवाय जात नाही. त्यांच्यात गोंदत नाहीत, म्हणून तिनं मेंदीनं डाळिंब काढलं. पुसलं की परत काढते. मी म्हटलं, मला पुसणारं नको." तिनं फडकं बाजूला ठेवलं. "एवढंच आहे. तुम्ही यम म्हणा, लेकरं म्हणा, बोर्ड म्हणा."

राजकुमार उलट्या मोबाइलकडं बघत होता. भागूबाईच्या डोक्यात मात्र एकच गोष्ट फिरायला लागली. ती दिवाणाच्या कडेला बसली होती. भिंतीपलीकडं लेक जागी होती. आणि ती शहाण्या बाईसारखी, विहिणीचा मान राखून, आवाज न करता बसून राहिली होती. आवाज केला असता तर!

"समदं खरं," चतुराबाई म्हणाल्या, पण आता सावकाश नाही. "दुखलं आसंल तुला. मी नाय म्हणत नाय. झोपली आसशील असं मला वाटलं. पण दुखलं म्हणून माणूस हातावर गोंदून जगाला दाखवतं का? आमाला कोण आलतं न्यायाला? सोयगाव माझं माहेर. पंचमीला वेशीकडं बघत बसायचे मी. भाऊ आज येईल, उद्या येईल. आलाच नाय कधी. म्हणून मी मेले का? का हातावर काढलं काही?"

भागूबाईला यावर पाझर फुटायला हवा होता. दुसऱ्या कुठल्या दिवशी फुटलाही असता. पण आज तिचं डोकं तापलेलं होतं. हिला कुणी न्यायला आलं नाही, म्हणून आलेल्या मुराळ्याला ही पाच वर्षं जिन्यावरून परतवते, हा कुठला न्याय?

"मग पंचमीला पाठवता का नाय?" तिनं सरळ विचारलं.

"आता कसं पाठवायचं? कॉलनीत हसं झालंय. लोक म्हणतील, सून बोर्ड लावून निघून गेली. दिवाळीला बघू."

दिवाळीला बघू. महालक्ष्म्यांना 'संक्रांतीला बघू' होतं, संक्रांतीला 'आखाजीला बघू' होतं. आता पुन्हा पिशव्या उचलायच्या, पुन्हा चपला घालायच्या, आणि भिंतीपलीकडं लेकीनं तो आवाज ऐकायचा.

"चहा टाकू का?" चतुराबाई म्हणाल्या. विषय संपला की त्या हे विचारायच्या. म्हणजे माणसानं उठायचं असतं.

"टाका," भागूबाई म्हणाली.

चतुराबाईंना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "काय?"

"टाका म्हणते चहा. साखर जास्त. आन् तोवर एक डाळिंब फोडा."

"तुमी... तुमच्या रितीत बसत नाय ना?"

"फोडा तुमी."

चतुराबाई आत जाऊन चहा टाकून आल्या, सुरी राजकुमारनंच आणली. सोनिया आईकडं डोळे मोठे करून बघत होती. डाळिंब फुटलं, बशीत दाणे पडले. भागूबाईनं बशी पुढं ओढली.

"हे तुमचंच आणलेलं हाय," चतुराबाई म्हणाल्या. त्यांना आता कसलीतरी चाहूल लागली होती. "हे आमच्या घरचं मोजत नायत."

"दिलं म्हंजे तुमचं झालं. तुमच्या घरात, तुमच्या सुरीनं, तुमच्या बशीत."

तिनं चार दाणे वेचले, एकेक करून तोंडात टाकले आणि चावले. एवढ्या वर्षांची रीत चार दाण्यांत गेली. नातवाच्या बारशाला या घरात पहिला घास घ्यायचा, असं तिनं मनात धरलं होतं. दाणे गोड होते, आणि तिला रडू येत होतं, आणि रडू आलं याचाच तिला राग आला.

"झालं," ती तोंड पुसत म्हणाली. "गोष्ट ऐकली ना समद्यांनी? ज्या घरचं खाल्लं त्या घरी राहणं आलं. लेकीला पाठवत नाय ना? नका पाठवू. मी हितंच राहते. माझं अंथरूण कुठं टाकायचं?"

"मामी, अहो..." राजकुमार म्हणाला.

"दिवाणावर इहीणबाई झोपतात, व्हय ना? मी खाली टाकते, त्यांच्या शेजारी. एक सांगून ठिवते, मी घोरते. आन् पहाटे जात्यावरच्या ओव्या म्हणते. जातं नसलं तरी म्हणते, सवय हाय. बाया विचारतील, ह्या कोण? मी सांगीन, मी मुराळी हाय, लेकीला न्यायाला आले, अजून दिली नाय."

"कॉलनीत सांगणार?"

"मला कुठं कॉलनीत लाज हाय? माझी लाज फुलंब्रीला हाय."

चतुराबाई लेकाकडं वळल्या. लेक जमिनीकडं बघत होता. स्वयंपाकघरात चहा उतू गेल्याचा वास आला, पण कुणी उठलं नाही. दोन खोल्यांचं घर, मधे दिवाण, आणि त्याच्या खाली घोरणारी विहीण, हे चतुराबाईंच्या डोळ्यांपुढं नीट उभं राहिलेलं दिसत होतं.

एकाएकी त्यांनी सोनियाचं मनगट धरलं आणि उजेडाकडं वळवलं. महिनाभर त्यांनी त्या डाळिंबाकडं नीट पाहिलं नव्हतं. आता नखानं एकेक दाणा टोचत त्यांनी मोजलं.

"हे चार खाल्ले ना त्या बाईनं? चार. मग चार दिवस. पंचमी धरून चार दिवस घेऊन जा. गोष्टीत बसतं ना? आता तरी कुणी म्हणू नका, की चतुरा लेकीबाळीला अडवती."

भागूबाईचं तोंड उघडलं. उलट! खाल्लेले दाणे सासरचे असतात. बाकीचं सगळं आईचं. आत्ताच तर ऐकलं या बाईनं, आठ महिने माहेर म्हणून आत्ताच तर ओरडली! "अवो, इहीणबाई, ते..."

सोनियानं आईच्या पायावर पाय दिला. चांगला जोरात दिला. भागूबाईनं जावयाकडं पाहिलं; तो भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता. तिनं तोंड मिटलं. मिटताना दात दाताला लागले.

चहा झाला. बशीत ओतून ती तो प्याली. साखर खरंच जास्त होती.

निघताना चतुराबाई दारापर्यंत आल्या. सोनियाची पिशवी त्यांनी स्वतः हातात दिली, आणि मग म्हणाल्या, "आन् इहीणबाई, चार दाणे तुमीबी खाल्लेत आमच्या घरचे. तवा सोडायला तुमीच यायचं. दुसरा मुराळी पाठवू नका."

त्यांनी तिला मुराळी म्हणण्याची ही पहिलीच वेळ. हा मान होता की टोमणा, हे भागूबाईला जिना उतरेपर्यंत कळलं नाही, आणि कळत नाही याचाही तिला राग आला.

रिक्षात भागूबाईनं एकही पाटी वाचली नाही. हर्सूलला जीप मिळाली, मागच्या बाकावर दोघींना जागा झाली. सावंगी मागं पडली तशी तिला राहवेना.

"उलट मोजलं गं तिनं! धडधडीत उलट! आन् तू माझा पाय तुडवतीस?"

"मला माहीत आहे, माय."

"मग?"

"तू बोलली असतीस तर चारही गेले असते."

"आन् तुझा नवरा? त्यानं तर समदं वाचलंय मोबाइलवर."

"त्यालाही माहीत आहे."

"मग बोलला का नाय?"

सोनिया बाहेर बघत म्हणाली, "तेच तर. बोलला नाही."

भागूबाईनं त्यावर विचार केला. न बोलून जावयानं लेक पाठवली, की न बोलून चार दिवसांत अडकवली? "गप बसायचं तेवढं बरं जमतं त्याला," ती शेवटी पुटपुटली. संक्रांतीला तीही गप्पच बसली होती, हे तिला आठवलं, आणि ती आणखीच चिडली.

चौक्याचा घाट लागला. तिनं सोनियाचं मनगट ओढून आपल्या मांडीवर घेतलं. विंचू आणि तुळशीच्या शेजारी ते डाळिंब चांगलंच ताजं दिसत होतं.

"हे बाहेरचे चार झाले. आतले किती हायेत?"

"आतले कुणी मोजून नाही काढले. नुसते भरलेत."

"भरले आसले तरी मोजता येतात. पुढल्या बारीला ती मोजायला लागली, तर आपल्याला आकडा पाठ पायजे."

ती बोटानं एकेक दाणा मोजायला लागली, वरच्या ओळीपासून. वळणावर जीप हेलकावली, बोट घसरलं, मोजणी चुकली. ड्रायव्हरला एक शिवी देऊन भागूबाईनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.